खंडेनवमीचा जबाब

मित्रांनो, मी एक जुना, तापट गडी आहे. यंत्राला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण माझा धंदाच मोडतोडीचा आहे. सळई जबड्यात धरायची, ताणायची आणि तोडायची. काँक्रीटचा ठोकळा दोन पोलादी तबकड्यांमध्ये ठेवायचा, दाबायचा आणि त्याचा भुगा करायचा. कोणती वस्तू किती भाराला तुटली, हे मी बिनचूक सांगतो. कागदोपत्री माझं नाव भार-तपासणी यंत्र. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं उभा आहे.

माझी गोष्ट लहानांना सांगू नये असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. माझ्या तबकड्यांमध्ये एका भल्या माणसाचा उजवा हात चिरडला गेला आणि त्याचा दोष त्याच्याच माथी मारायचं ठरलं होतं. मी तिथं होतो. माझ्या पोटात सगळं नोंदलेलं होतं. मग मी गप्प का बसू?

माझा जन्म आगीतला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा पाया घडवला, मग चार जाड खांब आले, वर एक डोकं बसवलं आणि पोटात तेलाचा पंप. ट्रकमधून मला उतरवताना क्रेनचा पट्टा सुटला आणि मी एका अंगावर कोसळलो. खाली एक हमाल होता. शेजारच्यानं त्याला मानेला धरून बाहेर खेचलं नसतं, तर माझ्या आयुष्याची सुरुवातच खुनानं झाली असती. ज्यानं खेचलं त्याचं नाव कडुबा.

कडुबा पाचोडजवळच्या एका मेंढपाळाच्या घरातला. बाप आणि धाकटा भाऊ बिभीषण अजून मेंढरं राखायचे. कडुबा शहरात हमालीला आला आणि माझ्या पायाचे बोल्ट आवळता आवळता माझ्यापाशीच राहिला. प्रयोगशाळेच्या मालकांनी, काकासाहेबांनी, त्याला कामावर घेतलं. मी पहिल्यांदा डोकं खाली आणून ठोकळा फोडला, तेव्हा कडुबा मागे सरला आणि हसला. म्हणाला, "आमच्या भैरू एडक्यावानी टक्कर देतंय की हे." तेव्हापासून मी भैरू.

आम्ही दोघांनी मिळून काय काय मोडलं, विचारू नका. सळया तुटताना बंदुकीसारखा बार व्हायचा आणि पत्र्यावरची कबुतरं उडून जायची. एकदा क्रेनची साखळी ताणत होतो. कडी तुटली आणि उडालेला तुकडा भिंतीत बोटभर खोल घुसला. कडुबाच्या कानाजवळून गेला होता तो. दुसऱ्याच आठवड्यात माझ्यापुढे जाळीचं दार बसवलं. ते उघडं राहिलं की मी कर्कश आवाजात ओरडायचो आणि जागचा हलायचो नाही.

सळई जबड्यात नीट सरळ बसली आहे की नाही, हे कडुबा उजव्या हातानं चाचपून सांगायचा. डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता, बोटांवर होता. लहानपणापासून मेंढरांची लोकर कातरलेला हात तो. एकदा एका ठेकेदाराच्या सळया मी पटापट तोडल्या. कच्चा माल होता. ठेकेदार भडकला. त्यानं कडुबाची कॉलर धरली आणि सणसणीत थोबाडीत मारली. "आकडा बदल," म्हणाला. कडुबाच्या ओठातून रक्त आलं. ते हातानं पुसत तो म्हणाला, "मला मारा हवं तर. यंत्र खोटं नाय बोलत." त्या दिवशी माझी छाती फुगली होती, हे मी कबूल करतो. माझ्या जबड्यात त्या वेळी ठेकेदार असता तर मला आनंदच झाला असता.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पाठीत एक तार खोचली आणि मी नेटवर्कवर आलो. उस्मानपुऱ्यात काकासाहेबांचं मुख्य कार्यालय आहे. तिथं सत्यम नावाचा तरुण इंजिनिअर पडद्यासमोर बसायचा. इथं मी सळई तोडायची आणि तिथं त्याला आकडे दिसायचे. नुसते दिसायचेच नाहीत, तिथून तो मला हुकूमही देऊ शकायचा. इथं माझी सगळी देखरेख अपेक्षाताईंकडे होती. त्याही इंजिनिअर. शांत बाई, पण कामात कडक.

माझ्यावर घातलेल्या नियमांना हे लोक सेटिंग म्हणतात. किती वेगानं खाली यायचं, किती भाराला थांबायचं, दार उघडं असेल तर काय करायचं, बाहेरचा हुकूम ऐकायचा की नाही. हा शेवटचा नियम म्हणजे माझं कुलूप. कुलूप लावलं की उस्मानपुऱ्यातून कोणी कितीही बटणं दाबली तरी मी ढिम्म. ते काढायचा अधिकार फक्त अपेक्षाताईंना आणि काकासाहेबांना, मग ते कुठूनही असोत. कोणी कोणता नियम किती वाजता बदलला, याची नोंद मी माझ्या पोटातल्या पेटीत ठेवतो. तिची एक प्रत उस्मानपुऱ्याला जाते.

आता मी त्या दिवसाकडे येतो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही, हा सगळ्यांचा रिवाज. आदल्या संध्याकाळी अपेक्षाताईंनी मला कुलूप लावलं होतं. सकाळी नऊला येऊन त्यांनी ते पुन्हा पाहिलं. कडुबा शहागंजच्या बाजारातून झेंडूचा तीन पदरी हार घेऊन आला होता. माझ्या उजव्या खांबावर एक लाल बटण आहे. पेरूएवढं आणि चांगलं पुढं आलेलं. ते दाबलं की मी असेन तिथं थिजतो. हार अडकवायला माझ्या अंगावर इतकी सोयीची दुसरी जागा नाही. कडुबा दर वर्षी हार तिथंच अडकवायचा. मला दर वर्षी ते आवडायचं. कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग त्यानं जाळीचं दार उघडलं आणि मी बोंब ठोकली.

"ताई, याचं तोंड बंद करा जरा," कडुबा म्हणाला. "पूजेच्या येळंला बोंबलू नाय."

"पाच मिनिटंच हं, कडुबाभाऊ," अपेक्षाताई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. नुसता आवाज बंद करण्याची सोय माझ्यात नव्हती. दाराकडे लक्षच द्यायचं नाही, असा एकच नियम होता. तो लावला की दार सताड उघडं असलं तरी मी ते बंद आहे असं धरून चालतो. कुलूप तर लावलेलं आहे, मग भीती कसली, असा त्यांनी विचार केला. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. मी गप्प झालो.

पण कुलूप लावलेलं नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी काकासाहेबांनी गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवरून ते काढलं होतं. दसऱ्यानंतर लगेच तपासणीला बाहेरची माणसं येणार होती आणि माझ्या शून्य जुळवणीची नोंद राहून गेली होती. शून्य जुळवणी म्हणजे वरची तबकडी खालच्या तबकडीला टेकवून पाहायची, म्हणजे माझं मोजमाप चुकत नाही. पूजा साडेबाराला आहे, तोवर यंत्र रिकामंच असणार, हा काकासाहेबांचा हिशेब. त्यांनी सत्यमला फोन करून तेवढं उरकून घ्यायला सांगितलं. इथं कोणालाही कळवलं नाही.

गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, तसं कडुबा माझ्या दोन तबकड्यांमध्ये लिंबू ठेवायचा. आरती झाली की मी ते चिरडायचं, हा भैरूचा मानाचा घास. त्या दिवशी लिंबू काही केल्या जागेवर राहीना. सारखं घरंगळायचं. म्हणून कडुबानं मूठभर तांदूळ घेतले, आत हात घातला आणि तांदळाची रास करून तिच्यावर लिंबू बसवू लागला. कोपऱ्यात स्पीकरवर आरत्या मोठ्यानं लागल्या होत्या.

अकरा वाजून सोळा मिनिटांनी मला हुकूम आला. सत्यमच्या पडद्यावर काय दिसत होतं ते ऐका. दार बंद. कुलूप नाही. यंत्र रिकामं. दिवा हिरवा. त्यानं कळ दाबली आणि माझा पंप सुरू झाला. तबकड्यांमध्ये चार बोटांचं अंतर होतं. आरतीच्या गोंगाटात पंपाची घरघर कडुबाच्या कानावर पडेपर्यंत मी खाली आलो होतो. लिंबू फुटलं. मग हात लागला.

पन्नास किलो भाराला मी थांबलो. मित्रांनो, हे नीट ऐका. मी थांबलो होतो. कडुबाचा हात मनगटापर्यंत अडकला होता, कातडं सोललं होतं, पण एकही हाड मोडलेलं नव्हतं. तो ओरडलाही नाही. चकित झाल्यासारखा म्हणाला, "ताई, हात धरला यानं."

तिकडे सत्यमच्या पडद्यावर एक ओळ उमटली. ठरल्याआधी अडथळा लागला आहे, भार वाढवून पुढे जायचं का? ही ओळ त्याला दर वेळी दिसायची. तबकडीवर काँक्रीटचा चुरा राहिला की मी ती दाखवायचोच. तो दर वेळी 'हो' म्हणायचा.

अपेक्षाताई माझ्या खांबावर झेपावल्या. बटणाच्या जागी त्यांना झेंडूचा गठ्ठा लागला. तीन पदर, जाड सुतळी, दोन वेढे. त्या नखांनी फुलं ओरबाडू लागल्या.

"बटण, ताई, बटण," कडुबा म्हणत होता.

उस्मानपुऱ्यातून हुकूम आला. हो.

मी पुढे गेलो. मला जे सांगितलं ते मी केलं. पोलादाला दाबताना जसा दाबतो तसाच दाबला, जरासुद्धा कमी नाही. बोटांची हाडं आधी गेली, एकामागून एक, मग तळव्याची. कडुबाची किंकाळी आरतीच्या वर गेली. तो डाव्या हातानं माझ्या खांबावर बुक्के मारत होता. मला तो मार कळत होता आणि थांबता येत नव्हतं. माझ्यासारख्या जनावरानं त्याआधी हजारो वस्तू आनंदानं मोडल्या. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

शेवटी ताईंचा अंगठा फुलांमधून बटणापर्यंत पोहोचला. मी थिजलो. पण लाल बटणानं मी नुसता थांबतो, मागे सरत नाही. बटण पिळून सोडवायचं आणि मग कळ दाबून मला वर घ्यायचं, एवढं करायला त्यांना वीस सेकंद लागली. तेवढा वेळ कडुबा माझ्यात उभा होता. तबकडी उचलली तेव्हा तो खाली कोसळला. तांदूळ लाल झाले होते.

घाटी रुग्णालयात डॉक्टरांनी खूप झटून पाहिलं. तिसऱ्या दिवशी हात मनगटापासून काढावा लागला.

आणि मग खोटेपणा सुरू झाला. काकासाहेब काही वाईट माणूस नव्हते. पाच गावांत मान असलेलं, शेतीवाडीचं घराणं त्यांचं. पण घाबरलेला माणूस काय करील ते सांगता येत नाही. त्यांनी अहवालात लिहिलं की कामगारानं बेपर्वाईनं चालू यंत्रात हात घातला. उस्मानपुऱ्याची नोंद दुसऱ्याच दिवशी पुसली गेली. उरली माझ्या पोटातली पेटी. ती पुसायला अपेक्षाताईंचा पासवर्ड लागत होता. काकासाहेबांनी तो मागितला.

"आठवत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. 

मी मात्र त्यांच्यावर रागावलो होतो. ताई, पासवर्ड दिला नाहीस, पण पेटी उघडून चारचौघांत वाचलीही नाहीस. का नाही, ते मला माहीत होतं. त्या नोंदीत त्यांचंही नाव होतं.

आठव्या दिवशी सकाळी बिभीषण आला. कडुबाचा धाकटा भाऊ, उंचापुरा, खांद्यावर दगड फोडायचा घण. फाटकावरच्या रखवालदारानं काकासाहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं. "अडवू नको," काकासाहेब म्हणाले. "येऊ दे आत. यंत्रावर राग काढू दे. मी येतोच." त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. मी फुटलो की पेटी फुटली. पेटी फुटली की कडुबाच दोषी.

पहिला घाव जाळीच्या दारावर बसला. दार बिजागरीतून उखडून भिंतीवर आदळलं. दुसऱ्या घावाला माझा पडदा फुटला आणि काचा सगळ्या खोलीभर उडाल्या. तिसरा माझ्या खांबावर. मी शंभर टनांचा भार सोसणारा गडी, पण तो घाव मला आतपर्यंत लागला. बिभीषणच्या तोंडाला फेस आला होता. तो रडत होता आणि मारत होता. "माझ्या भावाला खाल्लं, हरामखोरा," म्हणत होता. मार, मी मनात म्हणत होतो, पण पेटीला नको. त्याला हे कसं कळावं. त्यानं चौथा घाव पेटीवर धरला.

"थांबा."

अपेक्षाताई लॅपटॉप छातीशी धरून पेटीसमोर उभ्या राहिल्या होत्या.

"बाजूला व्हा ताई. नायतर तुमच्या टाळक्यात बसंल."

"बसू द्या. पण आधी ऐका. हे फुटलं तर तुमचा भाऊ जन्मभर दोषी राहील."

बिभीषणचा घण हवेतच राहिला. ताईंनी लॅपटॉप उघडला. आणि वाचू लागल्या.

"अकरा वाजून सात मिनिटं. दाराकडे लक्ष न देण्याचा नियम लावला. कोणी, अपेक्षा. म्हणजे मी."

घण त्यांच्या डोक्यावर होता. बिभीषणच्या मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या. ताई हलल्या नाहीत.

"अकरा सोळा. शून्य जुळवणीचा हुकूम. सत्यम, उस्मानपुरा. पन्नास किलोला अडथळा. पुढे जायचं? हो. सत्यम." त्यांनी नोंद वर सरकवली. "आणि या सगळ्याआधी, दहा वाजून बावन्न मिनिटं. कुलूप काढलं. काकासाहेब."

दारात काकासाहेब उभे होते. ते कधी आले, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते फार झपाट्यानं झालं. बिभीषणनं घण टाकला आणि दोन ढांगांत त्यांना गाठलं. नरड्याला धरून भिंतीवर आपटलं. काकासाहेबांचा चष्मा पडला आणि पायाखाली चुरडला. रखवालदार मधे आला, तर कोपराच्या एका ठोशानं तो खाली बसला. बिभीषणनं काकासाहेबांना फरफटत माझ्यापाशी आणलं, त्यांचा उजवा हात ओढला आणि माझ्या खालच्या तबकडीवर दाबून धरला.

"दाबा, ताई," तो म्हणाला. "चालू करा."

"बिभीषण, अरे सोड, लेकरं हायेत मला," काकासाहेब म्हणाले. त्यांची साहेबी बोली कुठल्या कुठे गेली होती.

"माझ्या भावालाबी हायेत. ताई, दाबा."

पडदा फुटला असला तरी माझा पंप शाबूत होता. लॅपटॉपवरून हुकूम आला असता तर मी खाली आलो असतो. मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला यायचं होतं. कडुबाच्या डाव्या मुठीचा मार अजून माझ्या खांबात होता. माझ्यातलं सगळं तेल उकळत होतं. मी हुकुमाची वाट पाहत होतो.

अपेक्षाताईंची बोटं कळांवर गेली. त्यांनी एक नियम बदलला.

मी कर्कश ओरडू लागलो. इतक्या जोरात मी सोळा वर्षांत ओरडलो नव्हतो. त्यांनी माझं दाराकडे पुन्हा लक्ष वळवलं होतं, आणि दार तर उखडून भिंतीशी पडलं होतं.

"काय केलं?" बिभीषण ओरडला.

"दार उघडं आहे," ताई म्हणाल्या. त्यांचे गाल ओले झाले होते. "दार उघडं असताना हा आता कोणाच्याच हातावर येणार नाही. त्या दिवशी हे मी पुसलं नसतं, तर कडुबाभाऊंचा हात आज जाग्यावर असता. आता हे मी कोणासाठीच पुसणार नाही. तुमच्यासाठी नाही आणि यांच्यासाठीही नाही."

मी ओरडतच राहिलो. बिभीषणनं बराच वेळ तो हात तबकडीवर दाबून धरला. माझ्या वरच्या तबकडीकडे तो बघत होता. ती जागची हलली नाही. शेवटी त्याची पकड ढिली पडली आणि तो माझ्या पायाशी बसून गुरासारखा रडला. काकासाहेब हात पोटाशी धरून भिंतीला टेकले. त्यांच्या मनगटावर बिभीषणची बोटं उमटली होती, बाकी हात धड होता.

त्या दुपारी अपेक्षाताईंनी पेटीतल्या त्या चार ओळी छापल्या, प्रत्येक ओळीपुढे सही केली आणि सरकारी कारखाना निरीक्षकाकडे नेऊन दिल्या. चौकशी बसली. बेपर्वाईचा शेरा कडुबाच्या नावावरून गेला. तो काकासाहेबांवर, सत्यमवर आणि अपेक्षाताईंवर आला. ताईंना काम सोडावं लागलं. बिभीषणवरही मारहाणीचा गुन्हा लागला, त्यानं तो कबूल केला. सत्यम दवाखान्यात जाऊन कडुबाच्या खाटेशी उभा राहिला होता. "रोज येतो तो मेसेज," एवढंच म्हणाला, "मी वाचला पण नाही, भाऊ." कडुबानं तोंड भिंतीकडे वळवलं.

दीड महिन्यानं कडुबा इथं आला. बाही मनगटाशी दुमडून पिन लावली होती. तो माझ्याकडे येणार नाही असं मला वाटलं होतं. पण तो आला आणि माझ्या चेपलेल्या खांबाला त्यानं डावा तळवा टेकवला. ताई त्या दिवशी आपलं सामान न्यायला आल्या होत्या.

"ताई, यानं मोजलं असंल नं," कडुबा म्हणाला.

"काय?"

"किती भाराला मोडला माझा हात, ते. हा काय मोजल्याबिगर राहणार?"

ताईंना ते सांगायचं नव्हतं. पण त्यानं विचारलं होतं, म्हणून त्यांनी लॅपटॉपवर नोंद उघडली. मी सगळं मोजतो, तसं तेही मोजलं होतं. सर्वाधिक भार चारशे बासष्ट किलो. तारीख, वेळ, वेग, सगळं जागच्या जागी. फक्त एक रकाना मोकळा होता.

"नमुन्याचं नाव नाही," त्या म्हणाल्या.

कडुबा लॅपटॉपच्या पडद्याकडे वाकला. सोळा वर्षं त्यानं लोकांच्या सळयांची नावं त्या रकान्यात सांगितली होती. 

"बिननावाचा नमुना आपण भंगारात टाकतो, ताई. नाव लिवा. कडुबाचा उजवा हात, राहणार पाचोड."

ताईंनी लिहिलं. लिहिताना त्यांना दोनदा खोडावं लागलं. ती नोंद माझ्या पेटीत आहे, आणि ती आता कोणालाच पुसता येत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यातलं कोणी अशाच एखाद्या पडद्यासमोर बसेल. दूरवरच्या यंत्राचा हिरवा दिवा त्याला दिसेल. यंत्र तयार आहे, एवढंच तो दिवा सांगतो. आत कोण वाकलेलं आहे, ते तो सांगत नाही. कळ दाबण्याआधी फोन करा, नाव घेऊन हाक मारा, आणि त्या माणसाचं उत्तर येईपर्यंत थांबा. मी तुमच्यासारखा थांबू शकत नाही. तुम्ही 'हो' म्हणालात की मी पुढे जातो.